संथ विज्ञानप्रेमपट मध्येच का रेंगाळतो: कात्री चालवण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ती मंगळावरच्या तळावर, तो पृथ्वीवर, आणि दोघांमध्ये फक्त रेकॉर्ड केलेले निरोप. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, १२६ मिनिटांचा झालाय. ज्यांना दाखवलात त्यांना सुरुवात आणि शेवट आवडला, मधला पाऊण तास मात्र रेंगाळल्यासारखा वाटला. काहींनी तर 'हे दोघं प्रेमात पडले कधी?' असंही विचारलं. आता २५ मिनिटं कापायची की मध्यावर तळावर एखादा अपघात घालायचा, असा पेच आहे.

आत्ता यातलं काहीच करू नका. प्रेक्षक 'संथ' म्हणतो तेव्हा तो लांबीबद्दल क्वचितच बोलत असतो. बहुतेकदा आपण कशाची वाट पाहतोय हेच त्याला कळलेलं नसतं. वाट पाहणारा माणूस दहा मिनिटं निमूट बसतो. आपल्याला इथं का बसवलंय हे ज्याला ठाऊक नाही तो दुसऱ्या मिनिटाला चुळबुळायला लागतो. तुमच्या मधल्या भागात निरोप जातात, निरोप येतात, पण अमुक दिवशी काहीतरी होणार आहे हे ना पात्रांना माहीत ना प्रेक्षकाला. अपघात घातलात तर दहा मिनिटं सगळे सावरून बसतील, मग चित्रपट अपघाताचा होईल आणि प्रेमकथा त्याच्या मागे फरफटत जाईल. तुम्हाला हवी आहे एक तारीख.

अर्थात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. पुन्हा शूटिंग करता येणार आहे का, दोन्ही कलाकार निदान आवाजासाठी उपलब्ध आहेत का, संकलन लॉक व्हायला, म्हणजे त्यात पुढे बदल बंद व्हायला, किती वेळ आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून पुढचं सगळं 'नवीन शूटिंग जवळजवळ शक्य नाही, आवाज मात्र पुन्हा रेकॉर्ड करता येईल' असं धरून लिहितो. शूटिंग करता येत असेल तर काम सोपं होईल, दिशा तीच राहील.

आधी तारखेबद्दल. ती खगोलशास्त्रानं तुम्हाला फुकट दिलेली आहे आणि तुम्ही ती वापरलेली नाही. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांच्या सगळ्यात जवळ असतात तेव्हा रेडिओ संदेशाला एका बाजूनं साधारण ३ ते ५ मिनिटं लागतात. सगळ्यात लांब असतात तेव्हा २२ मिनिटांपर्यंत. जवळून लांब जायला सुमारे १३ महिने, पुन्हा जवळ यायला तेवढेच. आणि लांबच्या टोकाला सूर्य दोघांच्या मधे येतो. त्या काळात सूर्याजवळून जाणारा संदेश बिघडू शकतो म्हणून मंगळावरच्या यानांना सुमारे दोन आठवडे आज्ञा पाठवणं थांबवतात. हे साधारण दर २६ महिन्यांनी होतं आणि त्याची तारीख कितीतरी वर्षं आधी काढता येते.

तुमच्या कथेत हे सगळं आयतं बसतं. दोघांची ओळख होते तेव्हा अंतर चार मिनिटांचं. जवळीक वाढते तसं अंतरही वाढत जातं. आणि पुढे दोन आठवड्यांची शांतता आहे, जिची तारीख दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. अपघात अचानक होतो म्हणून त्याची वाट पाहता येत नाही. ही शांतता सांगून येते. ती १५व्या मिनिटाला, दुसऱ्याच कुठल्या तरी कामाच्या बोलण्यात, तळावरच्या सहकाऱ्याच्या तोंडून एका वाक्यात येऊ द्या: 'जूनमध्ये दोन आठवडे काही जाणार नाही, काही येणार नाही.' समजावून सांगू नका. ४०व्या मिनिटाला पुन्हा एकदा, या वेळी त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर. एवढ्यावर मधला पाऊण तास 'तोपर्यंत हे एकमेकांना काय सांगतील' या प्रश्नावर चालायला लागेल. एक पळवाट मात्र बुजवा. बाजूला, सूर्याच्या आड न येणाऱ्या जागी एखादा रिले उपग्रह असेल तर ही शांतता टाळता येते, आणि जाणकार प्रेक्षक ते विचारणारच. तुमच्या जगात तसा उपग्रह नाही किंवा बंद पडलाय, हे एका अर्ध्या वाक्यात उरका.

दुसरी गोष्ट उशिराची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गडबड इथे आहे. तुम्ही लिहिलंय की निरोपांचे प्रसंग 'तिचा प्रश्न, कट, त्याचं उत्तर' असे लावलेत. असं लावलं की प्रेक्षकाच्या डोक्यात तो फोन होतो. पडद्यावर कोपऱ्यात 'विलंब १२ मिनिटं' असं लिहिलंत तरी डोळा कटवर विश्वास ठेवतो, अक्षरांवर नाही. म्हणून एक नियम करा: प्रश्नाच्या शॉटवरून थेट उत्तराच्या शॉटवर कधीही कट मारायचा नाही. मधे काहीतरी काम हवं, आणि त्या कामाला मोजता येण्यासारखी प्रगती हवी. खिडकीबाहेर बघत बसणं चालणार नाही, कारण बघण्यात किती वेळ गेला ते कळत नाही.

उदाहरण देतो. पहिला निरोप पाठवून सहा-सात मिनिटं झाल्यावर ती हवेच्या फिल्टरचं झाकण उघडायला घेते. सहा स्क्रू. एकच शॉट, ८० ते ९० सेकंद, मधे कट नाही. पाचव्या स्क्रूला उत्तर येतं, आणि सहावा तसाच अर्धवट राहतो. यात प्रेक्षकाला वाट पाहणं एकदा न कापता शिकवून झालं. पुढे अंतर १२ मिनिटांचं होतं, म्हणजे ये-जा २४ मिनिटांची, तेव्हा पुन्हा तेवढंच दाखवायची गरज नाही. निरोप गेला, आणि पुढच्या शॉटमध्ये सहाही स्क्रू ताटलीत, फिल्टर धुऊन वाळत टाकलेला. १० सेकंद पुरतात. अंतर २० मिनिटांचं होतं तेव्हा ती थांबतच नाही, कामाला निघून जाते, आणि त्याचं उत्तर रिकाम्या खोलीत वाजतं. तीन टप्प्यांत नात्याचं काय झालं ते सांगून झालं, संवाद न लिहिता. तुमच्याकडे फिल्टरचं फुटेज नसेल, पण हातांचं कुठलं ना कुठलं काम नक्की असेल. रशेस, म्हणजे चित्रित केलेलं सगळं न कापलेलं फुटेज, त्या नजरेनं पुन्हा बघा. टेक सुरू व्हायच्या आधीचे आणि 'कट' म्हटल्यानंतरचे तुकडेही बघा. असल्या चित्रपटाला लागणारं बरंच सामान तिथंच सापडतं.

उशिराचा खरा फायदा मात्र निरोप एकमेकांना ओलांडतात तेव्हा होतो. एका कागदावर चार रकाने पाडा: कोणी पाठवला, कधी निघाला, कधी पोचला, आणि त्या क्षणी पाठवणाऱ्याला काय माहीत होतं. समजा विलंब १२ मिनिटांचा आहे. ७:०० वाजता तो सांगतो, 'मी घर विकायचं ठरवलंय.' हे तिला ७:१२ ला मिळणार. ७:०५ ला, यातलं काहीच माहीत नसताना, ती सांगते, 'आल्यावर गॅलरीत मधुमालती लावू, ती भिंत पूर्ण झाकून टाकेल.' हे त्याला ७:१७ ला मिळणार. आता ७:१२ ते ७:१७ ही पाच मिनिटं बघा. घर जाणार हे तिला कळलंय. आपला गॅलरीचा निरोप वाटेत आहे आणि तो परत बोलावता येत नाही हेही कळलंय. त्याला अजून काही पोचलेलं नाही. तिनं ७:१२ लाच काही म्हटलं तरी ते ७:२४ च्या आधी तिकडे जाणार नाही. या पाच मिनिटांचा ५० सेकंदांचा, तिच्या चेहऱ्यावरचा, न कापलेला शॉट कुणालाही संथ वाटणार नाही. तोच शॉट हा हिशेब न कळता आला तर १५ सेकंदही जड होतील.

मधल्या पाऊण तासात असे दोन ओलांडे ठेवा, जास्त नकोत. तिसऱ्याला प्रेक्षक लेखकाची युक्ती ओळखतो. आणि वेळा बरोबर आहेत ना ते एकदा कागदावर तपासा. पडद्यावर दिसणाऱ्या घड्याळात १२ चे १० झाले तर तेवढंच शोधून काढणारे लोक असतात, आणि या प्रकारच्या चित्रपटाला तेच पहिले येतात.

जाता जाता, मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. म्हणजे दोघांची सकाळ रोज जवळजवळ ४० मिनिटांनी सरकते आणि ३६-३७ दिवसांनी पुन्हा जुळते. तिच्या सकाळी तो कधी जेवत असतो, कधी गाढ झोपलेला असतो. प्रकाशयोजनेत हे नसेल तर निदान निवडलेल्या शॉट्सच्या क्रमात आणा. सगळ्या निरोपांत दोघांकडे एकाच वेळी दिवस असेल तर अंतर खोटं वाटतं, का ते सांगता येत नाही.

आता 'प्रेमात पडले कधी' हा प्रश्न. याचं उत्तर आणखी एक हळवा संवाद हे नव्हे. एकमेकांना स्पर्श न करता येणाऱ्या माणसांचं प्रेम लक्ष देण्यातून दिसतं: दुसऱ्याच्या लक्षातही येणार नाही असं काहीतरी एकाला ऐकू यावं. तुमच्याकडे निरोप आहेत, म्हणजे आवाज आहे, आणि हे केवळ आवाजावर करता येतं. तिच्या प्रत्येक निरोपामागे दोन पंख्यांची घरघर ठेवा, एकमेकांपासून किंचित वेगळ्या सुराची. किमान तीन निरोपांत ती तशीच ऐकू येऊ दे. चौथ्या निरोपात एक पंखा काढून टाका. ती त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही, उलट सगळं मजेत आहे म्हणते. त्याच्या उत्तरात मात्र पहिलंच वाक्य: 'डावीकडचा पंखा कधी बंद पडला?' प्रेमात कधी पडले हे कुणी विचारणार नाही.

हे करताना दोन ठिकाणी घात होतो. पहिलं, घरघर खालच्या पट्टीत ठेवली तर लॅपटॉप आणि मोबाइलच्या स्पीकरवर ती ऐकूच येत नाही. १५० हर्ट्झच्या खालचं तिथं जवळपास काही उरत नाही. म्हणून सुरांचा मुख्य भाग ३०० ते ६०० हर्ट्झमध्ये आणा आणि मिक्स एकदा मोबाइलवर वाजवून बघा. दुसरं, त्याच निरोपांवर संगीत असेल तर सगळं वाया गेलं. तिथं संगीत नकोच.

संगीताचा विषय निघालाच आहे तर: रफ कटवर तुम्ही तात्पुरतं संगीत टाकलं असणार, बहुतेक पियानो आणि तंतुवाद्यांचे लांबलचक सूर. ते पूर्ण काढा आणि मधला भाग तसाच बघा. तात्पुरतं संगीत संथ चित्रपटात दोन प्रकारे फसवतं. रिकामा प्रसंग भरलेला वाटतो, आणि भरलेला प्रसंग दुसऱ्या कुठल्या तरी चित्रपटासारखा. संगीताशिवाय जो प्रसंग उभा राहत नाही त्यात काय बदललं ते आधी शोधा. माझ्या कामात संगीत पात्राच्या निर्णयानंतर येतं, आधी नाही. आधी आलं की प्रेक्षकाला काय वाटायचं याची सूचना मिळते आणि तो चेहरा बघायचं सोडतो.

एवढं झाल्यावर कात्री. मधल्या भागातल्या प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहा: 'हा संपतो तेव्हा प्रेक्षकाला आधी नसलेली कोणती गोष्ट कळते, किंवा कशाची नवी वाट पाहावीशी वाटते?' ओळ लिहिता आली नाही तर प्रसंग जातो, कितीही सुंदर चित्रित झालेला असला तरी. दोन प्रसंगांसाठी तीच ओळ येत असेल तर एक जातो. तुमच्या २५ मिनिटांतली बरीचशी अशी निघतील, आणि राहिलेले शॉट लांबच राहतील.

नवे संकलक बरोबर उलट करतात. एकही प्रसंग काढवत नाही म्हणून प्रत्येक शॉटमधून अर्धा अर्धा सेकंद, सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात १२ फ्रेम, छाटत जातात. लांबी कमी होते, पण चित्रपट संथही राहतो आणि अस्वस्थही होतो, कारण नजर स्थिर व्हायच्या आतच शॉट जातो. छाटायचंच तर प्रसंगाची सुरुवात आणि शेपूट छाटा: दारातून आत येणं, खुर्ची ओढणं, उठून जाणं. लांब शॉटच्या पोटाला हात लावू नका.

लांब शॉट कुठे सोडायचा यासाठी संकलकांची जुनी पद्धत आहे. शॉट चालू करा आणि आतून 'बस' वाटेल तिथं बटण दाबा. आकडा न बघता पुन्हा दोनदा. तिन्ही वेळा पाच-सहा फ्रेमच्या आत आलात तर जागा ती. दर वेळी दोन सेकंदांचा फरक पडत असेल तर शॉटच्या आत काही घडत नाहीये. लांबी बदलून ते सुधारणार नाही.

संथपणा तुलनेनं जाणवतो, हे क्रिस मार्करच्या 'ला जते' (१९६२) मध्ये स्वच्छ दिसतं. २८ मिनिटांचा हा चित्रपट, तोही विज्ञानकथा आणि प्रेमकथाच, जवळजवळ पूर्ण स्थिर छायाचित्रांचा आहे. फक्त एकदा, झोपेतून जागी झालेली स्त्री डोळे उघडते तेवढं चित्र हलतं. इतर कुठल्याही चित्रपटात पापण्यांची ही हालचाल कुणाच्या लक्षातही आली नसती. तुमच्याकडेही असंच काहीतरी राखून ठेवलेलं असावं. मधल्या भागात कॅमेरा सतत हळूहळू पुढे सरकत असेल तर एका खऱ्या क्षणासाठी तो सरकण्याला काही किंमत राहत नाही. बाकी शॉट बांधून ठेवा, मग तो एक हलवा.

पुन्हा शूटिंग नसेल तर तारीख आणि ओलांडे आणायचे कसे? इथं तुमचा प्रकार तुमच्या बाजूनं आहे. निरोप ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण असतो, बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत. म्हणजे निरोपाचा मजकूर बदलून, नव्यानं रेकॉर्ड करून, त्याच चेहऱ्यावर वाजवता येतो. 'हर' (२०१३) मध्ये सेटवर सामंथा मॉर्टननं केलेला अख्खा आवाज संकलनाच्या काळात काढून स्कार्लेट जोहान्सनचा आवाज घेतला गेला, आणि नायकाचा चेहरा आधीच चित्रित झालेला होता. तुम्हाला तर आठ-दहा वाक्यं बदलायची आहेत. नवे आवाज त्याच मायक्रोफोननं, त्याच अंतरावरून घ्या, आणि खाली मूळ जागेचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसताना तिथं ऐकू येणारा आवाज, घाला. तो ६० सेकंद घेऊन ठेवला नसेल तर टेकच्या आधीचे शांत तुकडे जोडून बनवा. जोड कळू नयेत म्हणून तुकडे एकमेकांवर थोडे चढवून हळूच मिसळा.

आणि थोडंफार शूटिंग मिळालंच, तर पडदा बघणाऱ्या कलाकारासमोर खरा निरोप खरोखर वाजवा, तोही त्यानं आधी न पाहिलेला. त्यासाठी निरोप देणाऱ्याचं शूटिंग आधी व्हायला हवं. वेळापत्रक तसं लावा. २४ फ्रेमला १८० अंश शटर ठेवलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद प्रकाश दिला, तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात. १४४ अंशांवर शटर १/६० सेकंदाचं होतं आणि बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. जाळीसारखी नक्षी उमटली तर पडदा दोन-तीन अंश तिरपा करा किंवा फोकस पडद्याच्या किंचित पुढे घ्या.

पुढच्या वेळी दाखवताना लोकांना 'कंटाळा आला का' असं विचारू नका. तुम्ही स्वतः मागच्या रांगेत बसा, कोण कधी हलतं, पाणी पितं, मोबाइल काढतं, ते वेळेसकट लिहा. तक्रार ५५व्या मिनिटाची असली तरी कारण बहुतेकदा त्याच्या आठ-दहा मिनिटं आधी असतं, म्हणून मागे जाऊन बघा. चित्रपट शांततेच्या दोन आठवड्यांवर आला की थांबवा आणि एकच विचारा: 'सूर्य बाजूला झाल्यावर आधी कोण बोलेल, आणि काय?' बहुतेकांकडे ठाम उत्तर असेल, मग ते वेगवेगळं का असेना, तर मधला भाग उभा राहिला. कापणं तिथं थांबवा. खांदे उडवले तर ओलांड्यांच्या कागदाकडे परत जा. शांततेच्या आधीच्या शेवटच्या निरोपात तिला काय माहीत नव्हतं, त्या रकान्यापासून सुरुवात करा.